इंग्रजी नसेल तर दुप्पट

२ ऑगस्ट, शनि.
आज वर्गात अमेरिकेतल्या वसाहतींवर ब्रिटिशांनी लादलेला स्टँप ॲक्ट. १७६५ चा. वर्तमानपत्रं, पंचांगं, पत्त्यांचे जोड, पदव्यांची भेंडोळी, सगळ्या कागदावर कर. कागद आधी शिक्का मारून घेतलेलाच वापरायचा. सगळ्यांनी चार पानांचा सारांश वाचून आणला होता. मी मूळ कायदा वाचला. सवयच तशी. इथे परदेशात, पाया लेबारच्या ऑफिसात, वीस वर्षं इथल्या जीएसटीचं काम करते, सारांशावर विश्वास ठेवला असता तर कधीच घरी बसले असते.

यादीच्या शेवटाकडे एक कलम. कागद इंग्रजी सोडून दुसऱ्या कुठल्याही भाषेत असेल तर कर दुप्पट.

दोनदा वाचलं. मग हात वर केला. आमच्या मार्गदर्शक डॉ. टॅन म्हणाल्या, "हो, माहीत आहे ते कलम. पेनसिल्व्हेनियातले जर्मन छापखानेवाले त्यात सापडले. बहुतेक पुस्तकांत तळटीप असते."

तळटीप! घरी जाताना जुरोंग ईस्टपर्यंत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तोच शब्द डोक्यात. ज्याच्याकडून दुप्पट घेणार होते तो तळटीपेत का?

प्रबंधाचा विषय ठरला. डॉ. टॅ. ना अजून सांगायचंय.

३ ऑगस्ट, रवि.
पोहे करता करता सांगून टाकलं. संजय (नवरा) म्हणाला, "जुईच्या ए-लेव्हलच्या वर्षीच?" (म्हणजे इथली बारावी.) एमएला नाव घातलं तेव्हाही हेच वाक्य होतं. फक्त तेव्हा 'जुईच्या ज्युनियर कॉलेजच्या वर्षीच' होतं.

जुई (१८, पोह्यातले शेंगदाणे वेचत): "आई, नोबडी केअर्स अबाउट स्टँप ड्यूटी लाह." (हा 'लाह' इथल्या बोलण्याचं शेपूट.)

मी म्हटलं, समज तुझ्या शाळेच्या मासिकातल्या मराठी कवितेला दुप्पट पैसे भरायला सांगितले तर? ती म्हणाली, मग मी इंग्लिशमध्ये लिहीन. सिंपल.

हेच. अगदी हेच. तिला वाटलं मी वाद हरले. मी खोलीत जाऊन तिचं वाक्य लिहून ठेवलं.

१६ ऑगस्ट, शनि.
डॉ. टॅ. ना भेटले. बाई पन्नाशीच्या, बोलायला मऊ, मुद्द्याला अजिबात नाही.
"जर्मन येतं तुम्हाला?"
"नाही."
"अठराव्या शतकातली छपाई वाचता येते? ते जुने जाड गॉथिक टाइप?"
"नाही."
"मग इंग्रजी वर्तमानपत्रांवर लिहा. साहित्य भरपूर आहे, वेळेत होईल."

मी म्हटलं, शिकते. त्या म्हणाल्या, १३ सप्टेंबरला समितीपुढे विषय मांडा, बघू.

खाली येऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली. बीएनंतर इतिहासच करायचा होता, तेव्हा सगळ्यांनी मिळून अकाउंट्सला घातलं. कुणाला दोष नाही, मीही गप्प बसले. आता एक्कावन्नाव्या वर्षी गप्प बसायची सवय मोडते आहे एवढंच.

२४ ऑगस्ट, रवि.
ऑफिसातल्या मेलिंडाने तिच्या शेजारीणबाईंचं नाव सुचवलं. इंग्रिड. बहात्तर वर्षांच्या, जर्मनीत शाळेत शिकवायच्या, आता बुकित तिमाहला मुलाकडे. आजीचं प्रार्थनेचं पुस्तक त्याच जुन्या टाइपात होतं, त्यावरच वाचायला शिकल्या.

सकाळी नऊ ते अकरा. s हा f सारखा दिसतो. k हा t सारखा. B आणि V जुळ्या बहिणी. दोन तासांत सात ओळी. इंग्रिड पेन्सिलने माझ्या बोटावर टकटक करतात, पुढे पळू नको म्हणून.

फी घेणार नाहीत. लिंबाचं लोणचं मागितलं, "पण तिखट, मुलाच्या घरी सगळं फिकं असतं."

२८ ऑगस्ट, गुरु.
काल गणपती बसले, आज विसर्जन. बादलीत, बाल्कनीत. मोदक एकवीस. जर्मन शून्य पानं.

६ सप्टेंबर, शनि.
अण्णांना फोन केला. वडील, ८१, सांगलीला माझ्या भावाकडे, विनयकडे असतात. चाळीस वर्षं स्वतःचा छापखाना चालवला. लग्नपत्रिका, बिलबुकं, पंचांगं, एक साप्ताहिक. अक्षरांचे खिळे स्वतः जुळवायचे.

मी कॉलेजात कुणालाही हे सांगितलं नव्हतं. 'बाबांचा बिझनेस आहे' म्हणायचे. एकदा मैत्रिणी घरी आल्या, अण्णा शाईच्या हाताने बाहेर आले आणि मी ओळख करून दिली नाही. ते आत गेले. त्यावर कधी बोलणं झालं नाही.

आज आधी सगळं सांगितलं: विलायतेहून येणारा शिक्क्याचा कागद, १ नोव्हेंबर, जर्मन छापखानेवाला, दुप्पट कर. मग विचारलं, "अण्णा, कागदावर आधीच कर भरलेला असेल, तर छापखान्यात काय काय अडेल?"

ते म्हणाले, "आता कशाला विचारतेस? तेव्हा नाक मुरडायचीस की."

मी म्हटलं, "हो. मुरडायचे."

"हं." मग म्हणाले विनय जेवायला बोलावतोय, ठेवतो. सांगलीत तेव्हा साडेपाच वाजले होते.

१३ सप्टेंबर, शनि.
नापास. तो शब्द कुणी वापरला नाही, पण तेच.

तिघंजण समितीत. डॉ. टॅ., एक निवृत्तीला आलेले गृहस्थ आणि एक तरुण प्राध्यापक. त्या तरुणाने पाचव्या मिनिटालाच हात घातला: "हा कर बहुतेक ठिकाणी वसूलच झाला नाही. शिक्क्याचे कागद वाटणाऱ्यांनी राजीनामे दिले, पुढच्या वसंतात कायदा रद्द झाला. जो दुप्पट कर कुणी भरलाच नाही, त्याचा इतिहास तुम्ही कशावरून लिहिणार?"

मी ते कलमच पुन्हा वाचून दाखवलं. वर त्यांनी एक जर्मन पान समोर ठेवलं, पहिली ओळ वाचा म्हणाले. तीन शब्द वाचले, चौथ्याला अडले.

निर्णय: विषय बदला, किंवा सहा आठवड्यांनी, २५ ऑक्टोबरला, पुन्हा या. त्यानंतर संधी नाही.

बाहेर डॉ. टॅ. म्हणाल्या, "बदलण्यात कमीपणा नाही." मी म्हटलं, २५ ला येते.

१४ सप्टेंबर, रवि.
संजयशी भांडण. आवाज न चढवता, जुई आत अभ्यास करत होती म्हणून. तो म्हणे, "तू स्वतःला त्रास करून घेतेयस. कुणाला काय सिद्ध करून दाखवायचंय?" मी म्हटलं, कुणालाच नाही, मला हे कळून घ्यायचंय. तो: "दोनशे साठ वर्षांपूर्वीच्या जर्मन माणसाचं?" हो. त्याचंच.

नंतर भांडी घासताना तो आला, टॉवेल घेऊन पुसायला लागला. म्हणाला, रविवारची भाजी मी आणतो इथून पुढे. माघार नाही, पण तह.

१७ सप्टेंबर, बुध.
उत्तर ऑफिसात सापडलं! दुपारी एका क्लायंटशी कॉल. त्यांच्या मालावरचा नियम बदलणार आहे, लागू व्हायला अजून काही महिने आहेत, आणि हे आत्ताच सगळं हलवून बसलेत. करार, साठा, पावत्या. मी त्यांना म्हणत होते, "अहो, अजून लागू झालेला नाही," आणि वाक्य अर्धंच राहिलं.

कर लागू व्हायच्या आधीच माणसं बदलतात. रोज बघते मी हे. कायदा मार्चमध्ये मंजूर, लागू १ नोव्हेंबरपासून. मधले सात महिने! त्या जर्मन छापखानेवाल्याला बातमी कळल्यापासून त्याने काय केलं? वसुली झाली की नाही हा प्रश्नच नाही माझा.

क्लायंट हॅलो हॅलो करत होता.

पण पुरावा काय? छापखानेवाला घाबरला हे कागदावर कुठे दिसेल? ते माहीत नाही.

२१ सप्टेंबर, रवि.
अण्णांचा फोन. स्वतःहून. मी इंग्रिडकडून नुकती परतले होते, चपला पायातच.

नमस्कार चमत्कार काही नाही. "तो कागद. शिक्का मारलेला विलायतेहून यायचा म्हणालीस?"
"हो."
"मग वाया गेलेल्या तावांचं काय? मशीन लावताना पहिले पंधरावीस ताव जातातच. शाई जास्त, शाई कमी. त्याचा कर कोण देणार?"
मी म्हटलं, कायद्यात बघते.
"बघ. आणि दुसरं. एक तारखेपासून साधा कागद चालणार नव्हता ना? मग त्याला वर्तमानपत्राचं काही करता येत नाही, ते त्या त्या आठवड्याचं. पण पंचांग?"
"पंचांग काय?"
"अगं, पंचांग पुढच्या वर्षाचं असतं. आधी छापून ठेवता येतं की. मी असतो तर सगळी कामं बाजूला ठेवून आधी पंचांग काढलं असतं, एक तारखेच्या आत. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास यायचं ते मी गणपतीतच बाजारात आणलं असतं. आणि दुप्पट भरायचं असेल तर मग विचारायलाच नको."

मी खाली बसले. दारातच.

"आहेस का?"
"आहे अण्णा."
"तेवढंच सांगायचं होतं. दोन आठवडे डोक्यात होतं." मग, "तो माणूस, जर्मन. खिळे स्वतः जुळवायचा का?"
म्हटलं, बहुतेक हो. मुलं, एखादा नोकर असेल मदतीला.
"हं," म्हणाले. पण हा 'हं' वेगळा होता.

२२ सप्टेंबर, सोम.
पंचांगाची जाहिरात! वर्तमानपत्रातच असणार. स्वतःच्या पत्रात स्वतःचं पंचांग कधी तयार होणार याची जाहिरात कोण देणार नाही? १७६५ ची आणि आधीच्या वर्षाची तुलना करायची. स्कॅन विद्यापीठाच्या संग्रहातून मिळतात. सगळेच अंक नाहीत, मधे मधे भोकं.

ऑफिसला जाताना रोज दोन पानं. जुरोंग ईस्ट ते पाया लेबार, बसायला मिळालं तर तीन.

४ ऑक्टोबर, शनि.
काही नाही. पळून गेलेले घोडे. जहाजातून आलेला चहा. कुणाची बायको घर सोडून गेली, तिच्या नावावर उधार देऊ नये. (हे वाचायला मात्र लगेच जमलं.) डोळे दुखतात.

९ ऑक्टोबर, गुरु.
पहाटे उठून टेबलावर बसले तर जुई आधीच तिथे, केमिस्ट्री पसरून. प्रिलिमला मार्क कमी आले, बोलली नव्हती. मी चहा केला, तिला मायलो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "यू टेस्ट मी, आय टेस्ट यू, कॅन?" तिने माझ्या वहीतले जर्मन शब्द विचारले, मी तिला रिॲक्शन्स विचारल्या ज्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तिने माझ्या सोळा चुका काढल्या. निर्दय पोरगी.

उठताना मराठीत म्हणाली, "आई, तू खूप हट्टी आहेस." कौतुक होतं की तक्रार, विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर, रवि.
सापडलं.

इंग्रिडकडे जायच्या आधी, बस स्टॉपवर, फोनवर पान मोठं करून बघत होते. चौकटीतला मजकूर, वर एक जाड शब्द. C... a... l... आणि बाकीचं आपोआप. Calender. इंग्रिडशिवाय, शब्दकोशाशिवाय, माझं मी वाचलं. बस गेली.

पुढच्या वर्षाचं पंचांग लवकरच तयार होत आहे, ज्यांना हवं त्यांनी वेळेवर मागणी करावी. मागच्या वर्षी हीच जाहिरात बऱ्याच नंतरच्या अंकात आहे. यंदा, म्हणजे १७६५ ला, तिकडच्या उन्हाळ्यातच.

इंग्रिडना पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून हळूहळू तीनदा वाचलं. मी नाचायच्या बेतात. म्हणाल्या, "छान. आता सांग, मधले किती अंक तुझ्याकडे नाहीत?"
अकरा.
"मग मागच्या वर्षीची पहिली जाहिरात त्या अकरांत नसेलच कशावरून?"

हरामखोर अकरा. पण बाई बरोबर बोलतात. लोणच्याची दुसरी बाटली देऊन आले.

१५ ऑक्टोबर, बुध.
हरवलेल्या अंकांसाठी अमेरिकेतल्या दोन ग्रंथालयांना मेल. एकाचं उत्तर लगेच: पाच आहेत, स्कॅन करायला वेळ लागेल, रांग आहे. दुसऱ्याचं नाही.

अण्णांना सांगितलं. म्हणाले, "पंचांगाच्या शेवटच्या पानावर छापून झाल्याची काही खूण असते का बघ. आम्ही टाकायचो." पंचांगाची प्रत मिळाली तर बघेन. यादीत लिहिलं.

वाया गेलेल्या तावांबद्दल कायद्यातून नीट अर्थ लागत नाही. तेही यादीत.

२० ऑक्टोबर, सोम.
दिवाळी. फराळ यंदा विकतचा, सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ताट दाखवताना संजय म्हणाला, "अनघाने केलंय." मी म्हटलं, नाही आई, विकत आणलंय, मला वेळ नव्हता. त्या हसल्या. म्हणाल्या, चकली बरी दिसतेय, कुठली? जग बुडालं नाही.

२५ ऑक्टोबर, शनि.
समिती.

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच वाढवून सांगेन.

आधी तो तरुण. "मागच्या वेळचा माझा प्रश्न." मी म्हटलं, मी वसुलीचा इतिहास लिहीत नाही. कायदा मंजूर झाल्यापासून लागू होईपर्यंतच्या सात महिन्यांचा लिहिणार आहे. कर भरावा लागला नाही, पण त्याच्या धाकाने कामाचा क्रम बदलला. माझ्या ऑफिसात हे रोज दिसतं. मग पंचांगाचं मांडलं. दोन वर्षांच्या जाहिराती शेजारी शेजारी.

ते निवृत्तीवाले पुढे झुकले. "पंचांग का, हे तुम्हाला कसं सुचलं?"

क्षणभर ओठांवर आलं होतं, की वाचनातून.

"माझ्या वडिलांना सुचलं. ते कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे. सांगलीला आमचा छापखाना होता."

तीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य परक्या माणसांसमोर बोलले. काही झालं नाही. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग मीच सांगितलं की अकरा अंक मिळालेले नाहीत आणि त्यातल्या एकातही आधीच्या वर्षीची जाहिरात निघाली तर माझा मुद्दा अर्धा पडतो. डॉ. टॅ. चे डोळे मोठे झाले. तरुण म्हणाला, "हे तुम्ही स्वतःहून का सांगताय?" म्हटलं, ऑडिटला लपवलेलं नंतर महाग पडतं.

मग पान. नवीन, न पाहिलेलं. वाचलं. अडखळत, पण वाचलं. सहाव्या ओळीत एक शब्द आला नाही. "हा मला माहीत नाही," म्हटलं आणि पुढे गेले.

शेवटी तरुणच: "आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर विद्यापीठाच्या बाहेर राहून लिहीन. तेव्हा तुमच्याकडे ग्रंथालयाचं कार्ड मात्र मागेन."

निवृत्तीवाले हसले. तरुण हसला नाही. कळवू म्हणाले.

३० ऑक्टोबर, गुरु.
डॉ. टॅ. ची मेल. समितीत एकमत नाही. एकाच्या मते हा इतिहासापेक्षा छपाईच्या धंद्याचा अभ्यास जास्त आहे, आणि पुरावा अजून तोकडा. निर्णय विभागप्रमुखांकडे गेलाय, दोन आठवडे तरी लागतील. खाली एक ओळ: 'तळटीप हा शब्द मी मागे घेते.'

मेल संजयला वाचून दाखवली. म्हणाला, "मग आता थांबायचं?" मी काही बोलायच्या आधीच स्वतः म्हणाला, "नाही ना. बरं. जर्मनची वही सोफ्यावर होती, मी टेबलावर ठेवलीय."

जुईचे पेपर सोमवारपासून.

१ नोव्हेंबर, शनि.
सकाळी मेल उघडली तर ग्रंथालयाकडून पाचातले दोन अंक आलेत. पंचवीस मेगाबाइट. अजून उघडले नाहीत.

आधी अण्णांना फोन. त्यांनी विनयला खोलीतून बाहेर काढलं, टीव्ही बंद करायला लावला.

"काय झालं मग तुझं?"
"अजून कळलं नाही अण्णा. दोघांना पटलंय बहुतेक, एकाला नाही. वरती गेलंय."
"आणि ते अंक?"
"दोन आलेत. आत्ताच."
"त्यात निघाली जाहिरात तर?"
"तर मुद्दा पडला. नवीन शोधावा लागेल."
"आणि नाही निघाली तर?"
"तर अजून नऊ राहतात."

मला वाटलं आता म्हणतील, जाऊ दे, पुरे झालं.

"मोठ्याने वाच," म्हणाले. "मला कळणार नाही, पण वाच. मी बसलोय."

पहिला अंक उघडला.